वाचकांचे प्रश्न : रिकामा दिसणारा चॅनल

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की रेडिओलहरींची टंचाई बरीचशी वाटपातली आहे, लहरींतली थोडीच. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते : माझी सगळी नोकरी व्यत्यय शोधण्यात गेली. कुणाचा तरी रेडिओ कुणाच्या तरी रेडिओत घुसतोय अशी तक्रार आली की अँटेना उचलून निघायचं आणि घुसणारा कोण ते हुडकून काढायचं. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे.

प्रश्न : ताई, आमच्या इमारतीत फोनवर तीसेक वायफाय दिसतात. एका अ‍ॅपमध्ये पाहिलं तर सगळी गर्दी चॅनल १, ६ आणि ११ वर, आणि ३ जवळजवळ मोकळा. म्हणून राउटर ३ वर नेला. दोन दिवसांत घरचे वैतागले, व्हिडिओ कॉल आधीपेक्षा जास्त अडकायला लागले. मोकळ्या जागी जाऊन वेग कमी कसा होतो?

उत्तर : तुमचा तर्क बरोबरच होता, नावानं घोटाळा केला. १, २, ३ म्हटलं की शेजारशेजारच्या वेगळ्या खोल्या वाटतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तसं नाही. तिथं चॅनलचे मध्यबिंदू ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेत, पण एक चॅनल पसरतो २० मेगाहर्ट्झ. तुमच्या ३ चा मध्य २४२२, म्हणजे तो २४१२ पासून २४३२ पर्यंत जागा अडवतो. १ वाले २४०२ ते २४२२ मध्ये बसलेत, ६ वाले २४२७ ते २४४७ मध्ये. तुमचा निम्मा चॅनल १ वाल्यांच्या अंगावर गेला आणि पाव ६ वाल्यांच्या. मोकळा म्हणावा असा उरला तो मधला ५ मेगाहर्ट्झचा बोळ.

आणि तो बोळही रिकामा नाही. नव्या पद्धतीची, कमी विजेवर चालणारी ब्लूटूथ उपकरणं ‘मी इथं आहे’ अशी हाक फक्त तीन ठिकाणी देतात : २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झवर. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी १, ६, ११ ची गर्दी समोर ठेवून तिच्या कडेच्या आणि मधल्या फटी शोधल्या होत्या. २४२६ ची फट म्हणजे तुमचा तोच बोळ. घरातलं घड्याळ किंवा कानातले इअरफोन जोडले जायला उशीर लावत असतील, तर तेही याच बदलामुळे असू शकेल.

खरं नुकसान मात्र आणखी एका कारणानं झालं. ते सविस्तर सांगते, कारण लहरी वाटून घेण्याची निम्मी विद्या त्यात आहे.

वायफायचं प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकतं. हवा शांत वाटली की ठरावीक वेळ थांबतं, मग मनात एक आकडा धरतं, सुरुवातीला बहुधा ० ते १५ मधला कुठलाही, आणि तेवढे क्षण मोजून बोलतं. आताच्या राउटरमध्ये हा एक क्षण ९ मायक्रोसेकंदांचा असतो. मोजता मोजता दुसरं कुणी बोललं तर मोजणी तिथंच थांबवायची, त्याचं झालं की पुढे चालू करायची. दोघांचा आकडा एकच निघून टक्कर झाली, तर पुढच्या खेपेला ० ते ३१ मधून निवडायचं, पुन्हा टक्कर झाली तर ६३ पर्यंत जायचं. गर्दी वाढली की थांबणंही वाढतं. रांग लावायला कुणी उभं नसताना रांग लागते. इतकी वर्षं हे पडद्यावर पाहिलं, पण मला अजूनही यात फार सौंदर्य दिसतं.

ही शिस्त पुरती कामाला येते ती समोरचा आपल्यातला आहे हे ओळखू आलं तर. वायफाय माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत पाठवतं, आणि प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण असते. ती ऐकू आली की उणे ८२ डीबीएम (लहरीची शक्ती मोजायचं माप) इतक्या बारीक आवाजालाही राउटर मान देतो आणि थांबतो. खूण पटली नाही, नुसताच गोंगाट वाटला, तर तो आवाज उणे ६२ पर्यंत चढल्याशिवाय राउटर थांबत नाही. या दोन आकड्यांत २० डेसिबलचं अंतर आहे, म्हणजे शक्तीत शंभर पट. तुम्ही ३ वर गेलात आणि १ वाल्यांना, ६ वाल्यांना तुमची खूण पटेनाशी झाली. तुम्हालाही त्यांची पटेना. आता दोघंही एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, पॅकेटं फुटतात, तीच तीच पुन्हा पाठवावी लागतात. पूर्वी रांगेत उभं राहून का होईना, तुमचा नंबर लागत होता.

ऐकण्याची ही सवय नसेल तर काय होतं, हेही मोजलेलं आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची संगणकाची टोकं रेडिओनं जोडली. नियम अगदी साधा : बोलायचं असेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला. काम चाललं, पण गणित सांगतं की या पद्धतीत चॅनलचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. पुढे सगळ्यांनी घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्यावरच बोलायचं ठरवलं, तेव्हा तो सुमारे ३७ टक्के झाला. बाकी सारा वेळ टकरीत किंवा शांततेत. आधी ऐका, मग बोला, ही सुधारणा त्यावरची.

तेव्हा परत १, ६ किंवा ११ वर या. यांपैकी ज्या चॅनलवरचे शेजारी सर्वांत दूरचे वाटतात, तो घ्या. राउटरमध्ये रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवली असेल तर २० करा. जे उपकरण जागचं हलत नाही, म्हणजे टीव्ही, टेबलावरचा संगणक, त्याला वायर द्या. वायर लावलेलं प्रत्येक यंत्र हवेतल्या रांगेतून कायमचं बाहेर पडतं, आणि हा उपाय लोक सर्वांत शेवटी करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाहुण्यांसाठी वेगळं, मुलांसाठी वेगळं, अशी चार नावं राउटरवर चालू असतील तर गरज नसलेली बंद करा. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहादा स्वतःची घोषणा करतं, तीही सर्वांत संथ वेगात, आणि तेवढा वेळ इमारतीतल्या सगळ्यांचाच जातो.

प्रश्न : राउटरला जास्त ताकदीचा बूस्टर लावला तर शेजाऱ्यांवर मात करता येईल का?

उत्तर : नका लावू. बोलणं दुतर्फा असतं. राउटरचा आवाज तुम्ही वाढवाल, पण फोनचा इवलासा आवाज राउटरपर्यंत तेवढाच पोचणार. आणि ताकदीतून मिळतं तरी किती? गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली याचं गणित मांडलं. गोंगाटाच्या वर आवाज तेवढाच राखून पट्टा दुप्पट केला तर माहितीही दुप्पट जाते. शक्ती दुप्पट केली तर दर हर्ट्झमागे सेकंदाला फार तर एक बिट वाढतो, बहुधा त्याहून कमीच. बदल्यात तुमचा आवाज आणखी चार घरांत ऐकू जातो, ती चार घरं तुमच्यासाठी थांबतात, आणि त्यांनीही बूस्टर घेतला की तुम्ही त्यांच्यासाठी. देशोदेशी शक्तीच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत, त्या ओलांडणं गुन्हा होऊ शकतो.

प्रश्न : मी नववीत आहे. आम्हाला शिकवलं की दोन रेडिओ स्टेशनं एका गावात एकाच फ्रिक्वेन्सीवर नसतात, नाहीतर आवाज मिसळतील. पण मी वाचलं की जीपीएसचे सगळे उपग्रह एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. मग ते मिसळत कसे नाहीत?

उत्तर : मिसळतात! सगळे एकत्र मिसळूनच तुझ्या फोनपर्यंत येतात. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर एकाच वेळी बोलत असतात, आणि खाली पोचेपर्यंत त्यांचा आवाज इतका क्षीण होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीच्याही खाली बुडतो. तरी त्यांना वेगळं काढता येतं. कसं, ते वहीत करून पाहा. मी सांगते तसं लिही.

तीन मैत्रिणींना चार-चार आकड्यांची एकेक ओळ दे.
पहिली : +१, +१, −१, −१
दुसरी : +१, −१, +१, −१
तिसरी : +१, −१, −१, +१

‘हो’ म्हणायचं असेल तर आपली ओळ जशीच्या तशी बोलायची, ‘नाही’ म्हणायचं असेल तर सगळी चिन्हं उलटी करून. समज, पहिली ‘हो’ म्हणाली, दुसरी ‘नाही’ म्हणाली आणि तिसरी गप्प बसली. हवेत दोघींची बेरीज होते : ०, २, −२, ०. या चार आकड्यांत कोण काय म्हणालं ते डोळ्यांनी दिसत नाही. आता ही बेरीज पहिलीच्या ओळीशी एकेक आकड्यानं गुण आणि येणारे गुणाकार मिळव. ० + २ + २ + ० = ४, म्हणजे पहिली ‘हो’ म्हणाली. दुसरीच्या ओळीशी तेच कर : ० − २ − २ + ० = −४, म्हणजे ती ‘नाही’ म्हणाली. तिसरीच्या ओळीशी : ० − २ + २ + ० = ०. ती बोललीच नाही!

जीपीएसच्या उपग्रहांकडे अशाच ओळी आहेत, फक्त त्या चारऐवजी १०२३ चिन्हांच्या, आणि प्रत्येक उपग्रह आपली ओळ सेकंदाला हजार वेळा म्हणतो. त्यांच्या ओळींचा हिशेब आपल्यासारखा नेमका शून्य येत नाही, शून्याच्या जवळ येतो, पण तेवढ्यानं भागतं. शाळेत शिकवलं तेही खरंच आहे. साध्या रेडिओकडे अशी ओळ नसते, म्हणून त्याला वेगळी फ्रिक्वेन्सी लागते. तुझ्या ओळी करून पाहिल्यास की पाचव्या आकड्याची गरज न लागता चौथी मैत्रीण बसवता येते का, तेही शोध, आणि मला कळव.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. ज्याला त्याला आपापला पट्टा नेमून द्यावा, म्हणजे भांडणच मिटेल, असं मला वाटतं. एकाच्या पट्ट्यात दुसऱ्याला शिरू देण्याचा हा नवा उद्योग कशासाठी?

उत्तर : सर, शंभर वर्षं आपण तुम्ही म्हणता तेच करत आलो, आणि त्यात शहाणपण होतं. १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत देशांनी पहिल्यांदा एकत्र बसून रेडिओचे नियम ठरवले, त्यानंतर पट्ट्यांचे तक्ते वाढत गेले. जहाजांना हा, विमानांना तो, प्रसारणाला अमुक, लष्कराला तमुक. तेव्हाचे रिसीव्हर भाबडे होते, त्यांना निवडून ऐकता येत नव्हतं. अंतर राखणं हाच उपाय होता.

पण तक्त्यात भरलेला पट्टा हवेत भरलेला असतोच असं नाही. मी कित्येक रात्री पडद्यासमोर काढल्यात जिथं एखाद्या नेमून दिलेल्या पट्ट्यात पहाटेपर्यंत एकही रेघ उठली नाही, आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. समुद्रातल्या जहाजांच्या रडारसाठी राखलेला पट्टा किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आतही बंद का ठेवायचा, हा प्रश्न त्यातून आला.

यावर सुचलेला पहिला उपाय वायफायसारखाच होता : यंत्रानं ऐकावं, पट्टा शांत असेल तर वापरावा. टीव्हीच्या वाहिन्यांमधल्या मोकळ्या जागा अशा वापरू देण्याचे नियम अमेरिकेच्या नियामकानं २००८ साली काढले, तेव्हा ऐकण्यावर मोठी भिस्त होती. ऐकणं एकटं का पुरत नाही, हे मी एका तक्रारीत शिकले. ती सांगते.

एका मोबाइल टॉवरवर संध्याकाळी सातच्या सुमारास एका बाजूचे कॉल तुटायला लागायचे, रात्री अकरानंतर सगळं ठीक. टॉवरच्या पायथ्याशी गाडी लावून मी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती आवाज आहे ते पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र, चालू केला. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासची रेघ सपाट. टॉवरच्या रिसीव्हरमधला गोंगाट मात्र त्याच मिनिटाला चढलेला. मग चढाईचं प्रशिक्षण घेतलेला सहकारी अँटेना घेऊन वर गेला, आणि ३० मीटरवरून तोच पट्टा पाहिला तर तिथं एक बसकी टेकडी उभी. ती एका जागी ठरतही नव्हती, सावकाश डावीकडे सरकत होती. सरकणारी टेकडी दिसली की आम्ही समजतो, हे कुणी मुद्दाम करत नाहीये, काहीतरी बिघडलंय आणि तापतंय.

तीन उंच गच्च्यांवरून दिशा घेतल्या, नकाशावर रेघा मारल्या. दोन एका वस्तीत मिळाल्या, तिसरी भलतीकडे गेली. एका काचेच्या इमारतीवरून परावर्तन होत होतं. वस्तीत शिरल्यावर अँटेना इतकी जवळ आली की सगळ्याच दिशा सारख्या जोरात वाटायला लागल्या. अशा वेळी हातातला रिसीव्हर छातीशी घट्ट धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. आपलं शरीर लहर अडवतं. आवाज पडला की समजायचं, उगम आपल्या पाठीमागे आहे. तसं करत तिसऱ्या मजल्यावर पोचले. तिथल्या आजोबांनी दार उघडलं, मी काय शोधते आहे ते ऐकून घेतलं, आणि माझ्या विनंतीवरून टीव्ही बंद केला. खाली गाडीतला सहकारी फोनवर ओरडला, “गेली!”

टीव्हीच्या अँटेनाला लावलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याच्या डबीत पावसाचं पाणी शिरलं होतं आणि तो स्वतःचाच आवाज ऐकून तो वाढवत बसला होता, स्पीकरसमोर माइक धरला की शिट्टी घुमते तसा. आजोबा रोज सातला बातम्या लावायचे आणि अकराला झोपायचे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी त्यांना परत परत सांगितलं की यात तुमची काही चूक नाही.

आता पाहा, सर. मी टॉवरच्या पायथ्याशी, उत्तम यंत्र घेऊन, कान देऊन उभी होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मधल्या इमारतींनी ते अडवलं होतं. माझ्या डोक्यावर ३० मीटरवर मात्र त्यानं रिसीव्हर बधिर केला होता. उलटही तेवढंच खरं. रस्त्यावरच्या एखाद्या यंत्रानं ऐकलं, शांत वाटलं आणि बोलायला सुरुवात केली, तर ते नेमकं कुणाच्या कानाशी बोलतंय हे त्याला कळायला मार्ग नाही. आमच्या क्षेत्रात याला लपलेल्या यंत्राचा प्रश्न म्हणतात.

म्हणून ऐकण्याला नोंदवहीची, म्हणजे डेटाबेसची, जोड लागते. यंत्र आपलं ठिकाण कळवतं, नोंदवही सांगते की इथं अमुक पट्टा, अमुक शक्तीपर्यंत, अमुक वेळ वापर. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा असा वाटला आहे. पहिला मान नौदलाच्या रडारसारख्या जुन्या हक्कदारांचा, दुसरा लिलावात परवाना घेणाऱ्यांचा, उरलेली जागा कुणालाही, पण नोंदवहीला विचारून. किनाऱ्यावर संवेदक बसवलेत. रडारची चाहूल लागली की नोंदवही खालच्या दोघांना काही मिनिटांत दुसरीकडे हलवते. नियम २०१५ चे, पूर्ण व्यापारी वापर २०२० पासून. जहाज निघून गेलं की पट्टा परत मिळतो.

यात माझी एक भीती आहे, ती लपवत नाही. नोंदवही जितकी खरी, तितकंच हे चालणार. तिच्यात एखादा जुना रेडिओ-दुवा नोंदवायचा राहिला तर यंत्रं पूर्ण नियमानं वागूनही त्याच्यावर बोलतील. पट्टा नेमून देऊन विसरून जाता येत होतं. वाटून वापरायचा तर नोंदी रोज जपाव्या लागतात, आणि जपणाऱ्या माणसांचा पगार द्यावा लागतो.

प्रश्न : ५ गिगाहर्ट्झचं वायफाय राउटर चालू केल्यावर मिनिटभर दिसतच नाही. कधी कधी मध्येच चॅनल बदलतं. बिघाड आहे का?

उत्तर : नाही, तो नियम पाळतोय. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ या भागांत रडार आधीपासून आहेत. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत वायफायला तिथं जागा मिळाली ती एका अटीवर : आधी ६० सेकंद ऐकायचं, रडारचे ठोके ऐकू आले तर बोलायचं नाही. वापरताना ऐकू आले तर १० सेकंदांत निघायचं आणि अर्धा तास परत यायचं नाही. युरोपात ५६०० ते ५६५० मध्ये, जिथं हवामानाची रडारं आहेत, १० मिनिटं ऐकावं लागतं. हा मिनिट टाळण्यासाठी काही जण राउटरमध्ये भलताच देश निवडतात. कृपा करून तसं करू नका. असं एक राउटर हवामान रडारच्या पडद्यावर कसं दिसतं ते मी पाहिलंय. त्या दिशेला मध्यापासून काठापर्यंत एक पांढरा पट्टा उमटतो, आणि त्या पट्ट्यात पाऊस आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : तुमचा लहरी वाटून घेण्याचा आग्रह मला पटत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ५जीच्या लहरी विमानांच्या यंत्रांत घुसतील म्हणून केवढा गोंधळ झाला! जिथं जीव धोक्यात आहे तिथं वाटणी नकोच.

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण उदाहरणाकडे नीट पाहू या. तिथं एक पट्टा दोघांनी वाटून घेतलेलाच नव्हता. ५जीला दिलेला भाग ३.९८ गिगाहर्ट्झला संपत होता, विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र ४.२ ते ४.४ मध्ये चालतं. मध्ये २२० मेगाहर्ट्झ मोकळे. अडचण अशी की काही जुन्या उंचीमापकांचे रिसीव्हर आपल्या पट्ट्याच्या बरेच बाहेरचंही ऐकतात. ते बनले तेव्हा शेजारी शांत होता, म्हणून बाहेरचं गाळणारी चाळणी (फिल्टर) बारीक ठेवण्याची गरज कुणाला भासली नाही. शेवटी विमानतळांभोवती ५जीची शक्ती आवरावी लागली आणि विमानांत चाळण्या बसवाव्या लागल्या.

नोकरीत असताना मी हेच सांगत आले आणि आताही सांगते : आपले नियम बोलणाऱ्याला बांधतात, ऐकणाऱ्याला क्वचितच. घुसखोरीच्या तक्रारीचा माग काढत गेलं की कित्येकदा शेवटी ढिसाळ रिसीव्हर सापडतो. त्याच्यापायी शेजारचा पट्टा ओस ठेवावा लागतो, आणि त्या ओस जागेची किंमत कुठल्याच हिशेबात दिसत नाही. रिसीव्हरचे मानदंड ठरवा, त्यांना चाचण्या लावा, मग वाटणीबद्दल बोलू.

आणि एका बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. काही जागा कुणालाच देऊ नयेत. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झमध्ये जगात कुणीही प्रक्षेपण करायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, कारण अवकाशातला हायड्रोजन १४२०.४ वर बोलतो. २३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास हवेतली वाफ स्वतः लहरी सोडते, त्यावरून उपग्रह हवामानाचा अंदाज बांधायला मदत करतात. वाफेला फ्रिक्वेन्सी बदलायला सांगता येत नाही.

प्रश्न : आम्ही रंगमंचावर चार बिनतारी माइक वापरतो. विक्रेत्यानं ते ६००.०, ६००.४, ६००.८ आणि ६०१.२ मेगाहर्ट्झवर लावून दिलेत, छान समान अंतरावर. पहिले दोन चालू केले की तिसरा माइक बंद असूनही त्याच्या रिसीव्हरमधून चिरका आवाज येतो. दोन कलाकार जवळ आले की जास्तच. रिसीव्हर बदलून पाहिला, तेच.

उत्तर : तुम्ही लक्षणं इतकी अचूक लिहिली आहेत की तिथं यायची गरजच नाही. समान अंतर हाच दोष आहे.

दोन माइक जवळ आले की एकाची लहर दुसऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरते आणि तिथं नवीन फ्रिक्वेन्सी जन्माला येतात. त्यांतली सर्वांत त्रासदायक म्हणजे एकीच्या दुपटीतून दुसरी वजा केली की येते ती. करून पाहा : ६००.४ ची दुप्पट १२००.८, त्यातून ६००.० वजा, उरले ६००.८. हाच तुमचा तिसरा माइक. तसंच दुसरा आणि तिसरा मिळून चौथ्यावर बोलतात. तीन माइक मिळूनही असंच घडवतात, दोघांची बेरीज करून तिसरा वजा केला की.

यातून सुटायचं तर कुठल्याही दोन माइकमधलं अंतर दुसऱ्या कुठल्याही दोघांमधल्या अंतराइतकं असता कामा नये. डब्ल्यू. सी. बॅबकॉक या अभियंत्यांनी १९५३ साली रेडिओचे चॅनल निवडण्यासाठी याच तत्त्वावर आकडे काढून दिले होते. चौघांसाठी मांडणी आहे ०, १, ४, ६. तुमच्या ०.४ च्या पायरीनं गुणलं की होतात ६००.०, ६००.४, ६०१.६ आणि ६०२.४. आपसातली अंतरं येतात ०.४, ०.८, १.२, १.६, २.० आणि २.४. एकही दोनदा नाही.

आधी तुमच्या भागात या पट्ट्यात माइक वापरायला परवानगी आहे का आणि कुठली टीव्ही वाहिनी तिथं चालते का, ते पाहून घ्या. मग चारही माइक बंद ठेवून चारही रिसीव्हर चालू करा. एकाचाही दिवा लागता कामा नये. नंतर माइक एकेक करून चालू करा, आणि दर वेळी जे बंद आहेत त्यांच्या रिसीव्हरकडे पाहा. चालू माइक एका टेबलावर एकत्र ठेवू नका, दोघांमध्ये हातभर अंतर राहू द्या. पाचवा माइक घ्यायचा झाला तर ०, १, ४, ९, ११ ही मांडणी वापरा.